आमचा पंचवार्षिक आराखडा

संस्था काढणें सोपें, संस्था चालविणें कठीण, आणि आपण ती कां चालवितों हें दर पांच वर्षांनीं कागदावर लिहून काढणें त्याहूनही कठीण, असें आमचे एक दिवंगत सहकारी म्हणत असत. ते हयात असते तर २०२४ सालच्या दिवाळीनंतर आमच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळाचें जें दोन दिवसांचें शिबिर झालें त्यास ते बहुधा आले नसते. किंवा आले असते तर दुपारच्या जेवणानंतर कांहींतरी निमित्त काढून निघून गेले असते. आम्ही मात्र दोन्ही दिवस पूर्ण बसलों. इतकेंच नव्हे, तर वही भरून टिपणें घेतलीं. पस्तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहून दुसऱ्यांस टिपणें सांगण्यांत आयुष्य गेल्यामुळें, कोणी आपणांस टिपणें सांगूं लागला म्हणजे आम्हांस पुन्हां तारुण्य आल्यासारखें वाटतें. हा आमचा जुना दोष आहे.

शिबिराचा विषय होता 'व्यूहात्मक व्यवस्थापन आणि नवोपक्रम'. पुण्याहून आलेले तरुण गृहस्थ मोठे हुषार होते, व त्यांचें भाषण ऐकतांना आम्हांस क्षणभरही कंटाळा आला नाहीं, हें प्रथमच सांगून टाकलें पाहिजे. शाळा ही देखील कारखान्यासारखी, दवाखान्यासारखी किंवा पेढीसारखी एक संघटनाच होय. आपणांस कोठें जावयाचें आहे हें तिला ठाऊक असावें लागतें. भोंवतालचा काळ पालटला असतां तिनें पालटलें पाहिजे, आणि हें पालटणें अंगावर येऊन पडण्यापूर्वींच योजून ठेवलें पाहिजे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. ह्यांतील एकाही वाक्याशीं वाद घालण्याचें आम्हांस कारण दिसेना. 'व्यूह' ह्या शब्दापाशीं मात्र आमचें मन थोडा वेळ अडलें. व्यूह म्हटला कीं आमच्यासारख्या जुन्या माणसास प्रथम अभिमन्यु आठवतो. त्याला व्यूहांत शिरण्याची विद्या अवगत होती, बाहेर पडण्याची नव्हती. परंतु शंका काढण्याची ती वेळ नव्हती. चहा आला होता.

आम्हांस नवोपक्रमाचें वावडें आहे असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. आमच्याच जिल्ह्यांत, माढें तालुक्यांतील परितेवाडीच्या प्राथमिक शाळेंत, रणजितसिंह डिसले ह्या शिक्षकांनीं पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर संकेत छापून मुलांस त्यांतून ध्वनि व चित्रें उपलब्ध करून दिलीं, आणि मुलांच्या घरीं बोलली जाणारी भाषा निराळी आहे हें ध्यानांत घेऊन पुस्तकांतील मजकूर त्या भाषेंत उतरविला. २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लक्ष डॉलरांच्या त्या पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली, हें आम्हांस त्या पुरस्काराहूनही मोठें वाटलें. त्या शिबिरांतही त्यांचें उदाहरण आलें. पण तेथें संकेताचें कौतुक फार झालें, आणि भाषेचा उल्लेख ओझरता होऊन गेला. वास्तविक यंत्र नंतरचें; ह्या मुलांस आपलें बोलणें समजत नाहीं हें कोणाच्या तरी आधीं लक्षांत आलें, तेथूनच त्या उपक्रमास आरंभ झाला असला पाहिजे. हें आज आम्ही मोठ्या शहाणपणानें लिहीत आहों. त्या दिवशीं आम्हीही संकेताच्याच कौतुकांत होतों.

शिबिराचें फळ म्हणून आमचा पंचवार्षिक आराखडा तयार झाला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर उगवता सूर्य, आंत चार चौकटींचें एक कोष्टक : बलस्थानें, उणिवा, संधि आणि धोके. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागांत आहे. ह्या भागांतील बहुतेक वस्ती तेलंगणांतून पिढ्यांपूर्वीं येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांची. घरांत तेलुगु, रस्त्यावर मराठी, आणि दोहोंच्या सरमिसळीचें एक तिसरें गोड बोलणें मुलांच्या तोंडीं. पुरुष मागावर, बायका विड्या वळणार, असा घरोघरचा प्रपंच. संस्थेच्या संस्थापकांनीं स्वातंत्र्याच्या आगेमागें ही शाळा काढली, तेव्हां दिवसाच्या वर्गांबरोबरच संध्याकाळीं सात वाजतां एक वर्ग सुरू केला. गिरणींत कामास जाणारीं पोरें दिवसपाळी संपवून, घरीं जाऊन, हातपाय धुऊन व दोन घांस खाऊन येऊं शकतील अशा बेतानें ती वेळ ठरली होती. पुढें गिरण्या बसल्या आणि यंत्रमागावरचीं पोरें येऊं लागलीं. एके काळीं ह्या वर्गाचा पट साठाच्या घरांत होता. आराखड्याच्या वर्षीं तो अकरावर आला होता.

अकरा हा आंकडा कोष्टकांत 'उणिवा' ह्या चौकटींत जाऊन बसला. चौकटींत बसला म्हणजे त्याचें कांहींतरी करणें प्राप्तच होतें. वर्ग जून २०२५ पासून बंद करावा, व ती खोली संगणककक्षास द्यावी, असा ठराव आला. सूचना कोणाची होती हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. अनुमोदन आमचें होतें.

कायद्याप्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद पालकांपैकीं असावे लागतात, व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें ही फार चांगली तजवीज केली आहे. मात्र ह्या पालकांनीं सभेंत बोलावें कीं नाहीं ह्याविषयीं कायदा कांहींच सांगत नाहीं, आणि सभेची भाषा, खुर्च्यांची मांडणी व चहाच्या कपबशा हीं सर्व त्यांनीं बोलूं नये असेंच सुचवीत असतात. आराखडा समितीपुढें वाचून दाखविण्यांत आला त्या दिवशीं एक विडीकामगार बाई शेवटच्या रांगेंत बसल्या होत्या. वाचन संपल्यावर त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "सर, वर्गातली पोरं कमी झाली म्हणता, पण ती गेली कुठं ते बघितलं का कुणी?" अध्यक्षांनीं मान हलविली, आम्ही मान हलविली, आणि कार्यवाहांनीं इतिवृत्तांत 'पालक-प्रतिनिधींनीं चर्चेंत भाग घेतला' असें लिहिलें. तें वाक्य खोटें नव्हतें.

व्यवस्थापन ह्या शब्दाचा धडा घेण्यासाठीं सोलापूरच्या माणसास वास्तविक पुण्याकडे पाहण्याची गरज नाहीं. १८७४ सालीं येथें सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली, आणि १८७७ सालीं तिची गिरणी सुरू झाली. तीच आमची 'जुनी मिल'. देशांतील मोठ्या गिरण्यांत तिची गणना होत असे. ऑगस्ट १९४९ मध्यें ती बंद पडली. ती सुताच्या टंचाईनें किंवा गिऱ्हाइकाच्या अभावीं बंद पडली असती तर कोणी फारसें बोललें नसतें. परंतु कंपनीच्या कारभारांतील गैरव्यवस्था व हयगय ह्यांमुळें ही वेळ आली आहे, असें खुद्द केंद्र सरकारनें म्हटलें, आणि जानेवारी १९५० मध्यें खास वटहुकूम काढून व पुढें कायदा करून तिचा कारभार आपल्या हातीं घेतला. एका गिरणीकरितां एक स्वतंत्र कायदा! एका भागधारकानें त्यास सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें. डिसेंबर १९५० मध्यें पांचांपैकीं तीन न्यायमूर्तींनीं कायद्याच्या बाजूनें कौल दिला. दुसरा भागधारक उभा राहिला, आणि डिसेंबर १९५३ मध्यें त्याच न्यायालयानें तो कायदा घटनाबाह्य ठरविला : भरपाई दिल्यावांचून मालमत्तेचा कबजा घेतां येणार नाहीं! ह्या व अशाच इतर निकालांच्या पाठोपाठ १९५५ सालीं घटनेची चौथी दुरुस्ती झाली, व सार्वजनिक हितासाठीं किंवा सुव्यवस्थेसाठीं एखाद्या मालमत्तेचें व्यवस्थापन ठराविक काळापुरतें हातीं घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. सोलापूरच्या एका गिरणीच्या कारभाऱ्यांना आपलें घर सांभाळतां आलें नाहीं, त्याचे पडसाद थेट देशाच्या घटनेंत उमटले. वकिलीच्या विद्यार्थ्यांना हे खटले अजून शिकवितात. आमच्या गांवांतल्या शाळांतून मात्र हा इतिहास कोणी सांगत नाहीं. आम्हीं स्वतः पस्तीस वर्षांत एकदांही सांगितला नाहीं.

पुढें शतकाच्या अखेरीस इतर मोठ्या गिरण्याही एकामागून एक बसल्या, आणि भोंगे थांबले. शहर मात्र थांबलें नाहीं. ज्यांनीं कधीं 'व्यूह' हा शब्द ऐकला नव्हता अशा माणसांनीं घराच्या ओसरीवर, मग छपरांत, मग अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रमाग मांडले. जेकार्डची चादर सोलापुरी म्हणून देशभर गाजली. २००५ सालीं चादर व टॉवेल ह्या दोहोंस भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. परंतु मान मिळाला तेव्हां चादरीचे दिवस उतरूं लागले होते. पानिपतच्या बाजूनें कृत्रिम धाग्याचीं हलकीं, मऊ, स्वस्त पांघरुणें आलीं. 'सोलापुरी' ह्या नांवानें भलत्याच ठिकाणचा माल विकला जाऊं लागला. तेव्हां विणकरांनीं चादरीचा माग टॉवेलकडे वळविला, आणि त्या टॉवेलानें परदेशची वाट धरली. हा बदल कोणत्या शिबिरांत ठरला? आम्हांस वाटतें, तो दुकानदाराच्या परत आलेल्या गांठोड्यानें ठरविला. तथापि ह्या कर्तबगारीचे गोडवे गातांना हात थोडा आंखडावा लागतो. कारण तिच्या पोटांत बारा बारा तासांच्या पाळ्या आहेत, कानठळ्या बसविणारे आवाज आहेत, आणि ज्या छपराखालीं माल त्याच छपराखालीं माणसें असा संसारही आहे.

१८ मे २०२५ च्या पहांटे ह्याच वसाहतींतील एका टॉवेलच्या कारखान्यास आग लागली. आठ माणसें गेलीं. वृद्ध मालक, त्यांच्या घरचीं माणसें, एक तान्हें मूल, आणि कामगाराचें कुटुंब. सारीं त्या इमारतींतच राहत होतीं. त्या दिवशीं शहरांत कोणी कोणाशीं मोठ्यानें बोलत नव्हतें. आम्ही सायंकाळीं शाळेच्या पायरीवर बसलों होतों. आमच्या वर्गांत शिकून गेलेलीं किती पोरें त्या वसाहतींतल्या कोणकोणत्या माडीवर निजत असतील, ह्याचा अंदाज करूं गेलों, आणि करतां आला नाहीं. आराखड्यांत हा आंकडा कोणत्याच चौकटींत नव्हता.

जुलैच्या आरंभीं आम्ही अक्कलकोट रस्त्यानें निघालों, तें मात्र ह्या विचारानें नव्हे. नव्या संगणककक्षास देणगी मिळवावयाची होती. आमचा एक जुना विद्यार्थी वसाहतींत टॉवेलचा कारखाना चालवितो. त्याच्याकडे मंडळानें आम्हांस पाठविलें होतें. देणगी मागण्यास जुन्या मास्तरासारखें दुसरें हत्यार नाहीं, हें प्रत्येक संस्थेस ठाऊक असतें. रिक्षावाला बोलका होता. हा रस्ता पुढें कुंभारीस जातो. तेथें २००६ सालीं विडीकामगार स्त्रियांकरितां दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि जानेवारी २०२४ मध्यें रे नगरांत असंघटित कामगारांस पंधरा हजार घरें मिळालीं. रिक्षावाल्याचेंही घर तिकडेच होतें. "पूर्व भागातली निम्मी गल्ली आमच्या तिकडं आलीय की सर," तो म्हणाला. त्या बाईंच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आम्हांस बारा रुपयांच्या सुट्या पैशांबरोबर असें परत मिळालें.

कारखान्यांत जुने धोट्याचे माग एका बाजूस खडखडत होते, व दुसऱ्या बाजूस बिनधोट्याचे चार नवे माग होते. विद्यार्थी आम्हांस मोठ्या उत्साहानें सर्व दाखवूं लागला. टॉवेल कसा विणतात हें सोलापुरांत जन्म घालवूनही आम्हीं कधीं नीट पाहिलें नव्हतें. ह्या मागास उभ्या धाग्यांचीं दोन बीमें असतात. एकावरचे धागे ताठ ताणलेले, दुसऱ्यावरचे सैल सोडलेले. आडवे दोन धागे कापडाच्या कांठापासून थोडे अलग ठेवून टाकतात, आणि तिसरा टाकून फणी तिन्ही धाग्यांस एकदम पुढें ठोकते. त्यासरशी ताठ धागे जागचे हलत नाहींत, आणि सैल धागे मधल्या जागेंत वर उचलले जाऊन त्यांची फांस बनते. टॉवेलवरचा जो मऊ केसाळपणा आपल्या हातास लागतो तो ह्या सैल धाग्यांचा. जुन्या मागांच्या डोक्यावर जेकार्डचे भोंकें पाडलेले पुठ्ठे माळेसारखे लोंबत होते. लियॉंच्या जोझेफ जेकार्डनें १८०४ च्या सुमारास काढलेली ही युक्ति. भोंक असेल तर धागा वर, नसेल तर खालीं. तीच पुढें गणकयंत्रांच्या जनकांस उपयोगी पडली. ज्या संगणकासाठीं आम्ही देणगी मागावयास आलों होतों त्याचा पणजोबा आमच्या डोक्यावर लोंबत होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

इतक्यांत एक नवा माग अचानक थांबला, आणि त्यावरचा तांबडा दिवा लागला. आम्ही दचकलों. "कांहीं बिघडलें काय?" म्हणून विचारलें. विद्यार्थी हंसला. "बिघडलं नाही सर, धागा तुटला." त्यानें वांकून दाखविलें. प्रत्येक उभा धागा पोलादाच्या एका पातळ पट्टीच्या भोंकांतून ओंवलेला असतो. धागा ताठ असेपर्यंत पट्टी त्याच्या आधारानें अधांतरीं राहते. धागा तुटला कीं पट्टी खालीं पडते, खालच्या सळईस टेकते, विजेचा मार्ग पुरा होतो, आणि माग उभा राहतो. हजारों धाग्यांपैकीं एक तुटला तरी सारा माग थांबतो! "आणि त्या जुन्या मागांचें काय?" "त्याला विणकराचा डोळाच. डोळा चुकला, तर माग चालूच राहतो. कापड पसरल्यावर कळतं, हातभर चीर पडलीय म्हणून."

तुटलेला धागा जोडण्यास एक तिशींतला जॉबर आला. त्यानें गांठ मारली, माग चालूं केला, आणि मग आमच्याकडे पाहून हात जोडले. तो संध्याकाळच्या वर्गांत होता. नववी अर्धी टाकून गेलेला. चेहरा आम्हांस ओळखीचा वाटला, नांव आठवलें नाहीं. आम्हीं आपलें विचारावयाचें म्हणून विचारलें, "कां रे, शाळा कां सोडलीस?" त्याच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर मुळींच नव्हता. "वर्ग सातला भरायचा सर. आमची पाळी आठला सुटते. आधी सहाला सुटायची, मग बारा तासांची झाली. तरी मी दोनतीनदा आलतो पाळी सुटल्यावर. पण इथनं तिथवर जाईपर्यंत वर्ग संपत आलेला असायचा." आम्हीं म्हटलें, "अरे, मग आम्हांस सांगावयाचें होतें. वेळ बदलली असती." तो थोडा घुटमळला. "तुम्ही विचारला नाही की सर."

गिरणीच्या भोंग्यावर बेतलेली वेळ! ती गिरणी थांबून पाव शतक होऊन गेलें होतें, आणि आमचा वर्ग अजून तिच्या दिवसपाळीच्या हिशेबानें भरत होता. पट साठावरून चाळीस झाला, चाळिसावरून पंचवीस, आणि पंचविसावरून अकरा. दरवर्षीं पट्टी खालीं पडत होती, आणि आम्ही हजेरीपटाच्या शेवटीं तांबड्या शाईनें बेरीज करून सही करीत होतों. मुलांना आतां शिकण्याची आवड राहिली नाहीं, असेंही आम्हीं त्या काळांत दोनतीन भाषणांतून सांगितल्याचें स्मरतें.

जपानांतील साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. धागा तुटतांच आपोआप थांबणारा व धोटा न थांबतां बदलणारा माग त्यानें १९२४ सालीं सिद्ध केला, आणि १९२९ सालीं इंग्लंडांतील प्लॅट ब्रदर्स ह्या नामांकित यंत्रकारखान्यानें त्याचे हक्क विकत घेतले. ज्या इंग्लंडनें जगास माग पुरविले, त्यानें जपानी सुताराच्या पोराकडून मागाची युक्ति घ्यावी, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. पुढें त्याच्या मुलानें मोटारींचा कारखाना काढला, आणि मागाचा तोच नियम तेथें माणसांस लावला : दोष दिसतांच कोणत्याही कामगारानें दोरी ओढून सारी रांग थांबवावी. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून ह्याचें पुष्कळ कौतुक असतें. आमच्या शिबिरांतही एका चित्रफितींत हा कारखाना येऊन गेला होता. दोरी ओढण्याचा अधिकार शेवटच्या रांगेंतील माणसास असतो, हें वक्त्यानें सांगितलें होतें, आणि आम्हीं तें टिपून घेतलें होतें. परत आल्यावर वही काढून पाहिली. तें वाक्य दोनदां अधोरेखित केलेलें होतें. त्यानंतर तीनच आठवड्यांनीं त्या विडीकामगार बाईंनीं दोरी ओढली होती.

देणगीची गोष्ट आम्हीं त्या दिवशीं काढलीच नाहीं. पुढच्या सभेंत वर्गाचा ठराव पुन्हां विचारांत घ्यावा अशी सूचना मांडली. अनुमोदन देणाऱ्यानेंच ठराव फिरवावयास यावें, ह्याचें सभासदांस आश्चर्य वाटलें, व तें साहजिकच होतें. आराखडा छापून झाला आहे. खोलींत संगणकांची वायरिंग झाली आहे. रात्रीं साडेआठनंतर शाळेचें फाटक उघडें ठेवावयाचें तर पहारेकऱ्याचा पगार कोणीं द्यावा? प्रत्येक आक्षेप खरा होता. आम्हीं त्या बाईंचा प्रश्न आणि जॉबरचें उत्तर दोन्ही सांगितलीं. सभेंत थोडी शांतता पसरली. अखेरीस तडजोड अशी निघाली कीं, संस्थेवर खर्चाचा बोजा न पडेल अशा रीतीनें, शाळेच्या आवाराबाहेर, प्रायोगिक तत्त्वावर हा वर्ग चालविण्यास हरकत नाहीं. आणि वार्षिक अहवालांत त्याची नोंद 'नवोपक्रम' म्हणून करावी. पाऊणशें वर्षें चाललेला वर्ग नवोपक्रम झाला! आम्हीं ह्यावर हंसूं आलें तें आंवरलें. कारण वर्ग मिळत होता.

जागेचा प्रश्न विद्यार्थ्यानें चुटकीसरशी सोडविला. कारखान्याच्या माडीवर एक लांबट खोली होती. पाळी सुटली कीं पोरें सरळ वर येतील, कोठें जावयास नको. आम्ही ती पाहण्यास गेलों. खोली चांगली होती, दिवे होते, दोन पंखेही होते. एका भिंतीशीं वळकट्या रचलेल्या होत्या.

"येथें रात्रीं कोण निजतें?" आम्हीं विचारलें.

"चारपाच पोरं असतात सर. गावाकडची. खोलीभाडं वाचतं त्यांचं."

"आणि खालीं काय आहे?"

"सूत. आणि तयार माल."

आम्ही ज्या जिन्यानें वर आलों होतों तो त्या मालाच्या गठ्ठ्यांमधून आला होता. खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या होत्या. चोरीच्या भीतीनें, तो म्हणाला. आम्हीं सर्व खोलीभर एकदां फिरून पाहिलें. "दुसरा जिना कोठें आहे?"

तो कांहीं बोलला नाहीं. मे महिना होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. तो कारखाना त्याच्या दारापासून दूर नव्हता, आणि मयतीस तो स्वतः गेला होता. तो वाईट माणूस नाहीं. पोरांच्या आजारपणांत पदरचे पैसे घालतो, सणाला उचल देतो. त्याच माडीवर त्याच्या वडिलांनीं दहा वर्षें संसार केला, आणि तो स्वतः तेथें रांगला. जें आपल्या जन्मापासून असेंच आहे त्याकडे माणसाचा डोळा जात नाहीं. आमचा सात वाजतांच्या घंटेकडे कोठें गेला होता? आम्हीं एवढेंच म्हटलें, कीं येथें आम्हांस मुलें बसवितां यावयाचीं नाहींत; आणि तीं निजणारीं पोरें, त्यांचें काय करावयाचें तें तूं पाहा. जुन्या मास्तरानें असें बोलावें आणि देणगीही मागूं नये, हें त्यास चमत्कारिक वाटलें असावें. तो आम्हांस रस्त्यापर्यंत पोहोंचवावयास आला तेव्हां त्याचा चेहरा उतरलेला होता. आपण एक वर्ग वांचविण्यास गेलों, आणि जागाही गमावली व विद्यार्थीही, अशा समजुतीनें आम्ही घरीं परतलों.

दोनअडीच महिने कांहींच कळलें नाहीं. दिवाळी गेली. मार्गशीर्षाच्या एका सकाळीं त्याचा फोन आला, "सर, बघायला या की." इमारतीच्या बाहेरच्या अंगास लोखंडी जिना उभा राहिला होता, अजून रंग न दिलेला. माडीच्या भिंतींत दार पाडलें होतें, आणि तें बाहेरच्या बाजूस उघडत होतें. हें त्यानें आम्हांस दोनदां उघडून दाखविलें. एका खिडकीची जाळी काढून टाकली होती. खालचें सूत शेजारच्या छपरांत हलविलें होतें. खर्च किती आला हें त्यानें सांगितलें नाहीं, आणि संगणककक्षाला मात्र ह्या वर्षीं कांहीं देतां येणार नाहीं, असें थोड्या संकोचानें सांगितलें. आम्ही त्या जिन्यानें एकदां खालीं उतरलों आणि पुन्हां वर चढलों. एकोणीस पायऱ्या आहेत.

वर्ग पुढच्या सोमवारीं, रात्रीं साडेआठास, भरला. हजेरीपट शोधून काढावा लागला. तो संगणककक्षाच्या सामानांत गेला होता. अकरांपैकीं चौघे आले, सात नवे आले, आणि जॉबर आला. तो मागच्या बाजूस भिंतीला टेकून बसला, व त्यानें नवी वही काढली. आम्हीं फळ्यावर तारीख घातली. खालून मागांचा आवाज इतका येत होता कीं आम्हांस प्रत्येक वाक्य दोनदां म्हणावें लागलें. मध्येंच त्यांतील एक आवाज कमी झाला. बाकी कोणाच्या तें ध्यानांतही आलें नसतें. जॉबर मात्र उठला आणि नव्या जिन्यानें खालीं गेला. दहा मिनिटांनीं तो परत आला तेव्हां त्याच्या हातांस तेल लागलेलें होतें, म्हणून त्याच्या वहीचें पान आम्हीं उलटून दिलें.